फुलकोबीचं माहेर

वजनमापे निरीक्षकांना रिकामा रकाना बघवत नसे. काही लोकांना भिंतीवरची वाकडी तसबीर बघवत नाही, ते परक्याच्या घरीसुद्धा उठून ती सरळ करतात, तशातलाच हा प्रकार. दुकानदारांचे काटे तपासण्यात आणि वजनांवर शिक्के मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. किलो म्हणजे किलो आणि लिटर म्हणजे लिटर, इतकं साधं त्यांचं तत्त्वज्ञान. ते घरातही चालू असल्यामुळे साखरेच्या डब्यात मीठ निघालं की त्यांचा अख्खा दिवस वाया जाई. आणि नेमक्या अशा माणसाच्या हाती मेव्हण्यानं पासवर्ड मॅनेजर दिला.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, संगणकाच्या एका मोठ्या कंपनीत होता. तिथे तो टेबल-खुर्च्यांच्या खरेदीचं काम बघायचा ही गोष्ट खरी, पण कंपनी संगणकाची असल्यामुळे सगळ्या नातेवाइकांत संगणकाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. रविवारी सकाळी तो आला, निरीक्षकांच्या शेजारी बसला आणि त्यांचे सगळे पासवर्ड त्यानं त्या एका ठिकाणी भरून दिले. निरीक्षकांची आई त्या जागेला पहिल्या दिवसापासून ‘तिजोरी’ म्हणायला लागली, आणि मग सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

“पण भाऊजी, नुसते पासवर्ड ठेवून भागत नाही,” मेव्हणा म्हणाला. “पासवर्ड काय, कुणीही ठेवतो. खरी गंमत खाली आहे. हे बघा.”

खाली एक बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘आणखी माहिती जोडा’. ते दाबलं की एक नवा रकाना उघडे. पुन्हा दाबलं की आणखी एक. या खात्याला कुठला मोबाइल जोडलाय, तक्रार कुणाकडे करायची, पासवर्ड विसरलात तर जे सुरक्षा प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं काय, सगळं त्यात लिहून ठेवायचं. निरीक्षकांनी बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं, आणि रकाने संपत नाहीत हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांच्या बायकोनं लग्नातही पाहिलं नव्हतं. निदान ती तसं म्हणते.

“जेवून घ्या आधी,” ती म्हणाली.

“जेवण कुठे पळून जातंय?” निरीक्षक म्हणाले आणि कामाला लागले.

सुरुवात त्यांनी कर्मचारी आरोग्य योजनेच्या खात्यापासून केली, आणि त्याला कारण होतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आईचे वडील एका गावाच्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायचं काम करत. त्यांच्या घड्याळावर गाव उठायचं, जेवायचं आणि झोपायचं, असं आई सांगे. माहेरची ही शिस्त तिनं सासरी आणली होती. दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाला रोज सकाळी ती स्वतः चावी देई. अलीकडे चावी ती हातानं चाचपून द्यायची, पण काटे काही दिसायचे नाहीत. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला “किती वाजले?” म्हणून विचारे आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवत नसे. डॉक्टरांनी आठ दिवसांनंतरच्या सोमवारची तारीख दिली होती. फक्त योजनेच्या खात्यात शिरून निरीक्षकांनी ‘मान्य’ म्हणायचं होतं, की मंजुरी दवाखान्यात पोचणार होती. तिजोरीत सगळं नीट लावून झालं की मगच ‘मान्य’ म्हणू, असं निरीक्षकांनी ठरवलं. अर्धवट कामावर शिक्का मारायची त्यांना सवय नव्हती.

योजनेनं पहिलाच प्रश्न विचारला: आईचं माहेरचं आडनाव काय?

निरीक्षकांनी खरं आडनाव लिहिलं. ते दोन अक्षरी होतं. यंत्रानं ते लाल करून दाखवलं आणि खाली सूचना दिली, की उत्तर किमान चार अक्षरी असावं.

“त्यानं तुमचं भलंच केलं,” मेव्हणा म्हणाला. “खरं उत्तर द्यायचंच नसतं, भाऊजी. तुमच्या आईचं माहेर कुठलं हे अर्ध्या गावाला माहीत आहे. चोर पहिल्यांदा तेच शोधतो. काहीही भलतंच लिहायचं आणि ते तिजोरीत नोंदवून ठेवायचं.”

“म्हणजे खोटं लिहायचं?”

“हो.”

निरीक्षक खुर्चीत मागे टेकले. सरकारी यंत्राला खोटं सांगायचं ही कल्पनाच त्यांना सोसेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस वर्तमानपत्र न्यायला खाली आले. दर रविवारी ते वर्तमानपत्र न्यायला येत आणि सल्ला देऊन जात. वर्तमानपत्र बऱ्याचदा तसंच राहून जाई. सगळी हकिगत ऐकून त्यांनी मेव्हण्याच्या बाजूनं निकाल दिला.

“अहो निरीक्षक, सगळं जग खोटं बोलतं,” ते म्हणाले. “गाडीत मला खरं बोलणारा एकच माणूस भेटला. तो चुकून माझ्या डब्यात चढलेला दुसरा तपासनीस होता. तुम्ही एकट्यानं खरं बोलून काय होणार?”

निरीक्षकांनी बराच विचार केला. शेवटी त्यांना स्वतःच्या कार्यालयातली एक गोष्ट आठवली. तिथे कपाटात कमी भरणारी, लबाड वजनं नमुना म्हणून ठेवलेली असत, आणि ती कमी आहेत अशी रीतसर नोंदही असे. नोंद झालेलं खोटं वजन हे खोटं राहत नाही, ते कार्यालयाची मालमत्ता होतं. या न्यायानं नोंदवलेलं खोटं उत्तर हे खोटं उत्तर नव्हे. मन इतकं साफ झाल्यावर त्यांनी चार अक्षरी शब्दासाठी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. ओट्यापाशी बायको फ्लॉवर निवडत होती. घरात त्याला फ्लॉवरच म्हणत, पण खात्यात लिहायचं म्हटल्यावर निरीक्षकांना भारदस्त शब्द हवा होता. त्यांनी लिहिलं, फुलकोबी.

एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. पहिली शाळा कुठली? आगपेटी. पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव? उलथणं. बालमित्र? चहागाळणी. आवडत्या शिक्षकांपाशी मात्र ते अडले. गुरुजींना हाताला येईल ते भांडं द्यायला त्यांचं मन धजेना. शेवटी घरातलं सगळ्यांत जड आणि जुनं असं ‘पितळी पातेलं’ त्यांनी गुरुजींच्या नावे लिहिलं. प्रत्येक उत्तर तिजोरीत गेलं, प्रत्येकाखाली नवा रकाना उघडला, आणि संध्याकाळपर्यंत निरीक्षकांचं एक संपूर्ण दुसरं आयुष्य तयार झालं. खऱ्या आयुष्यापेक्षा ते जास्त नीटनेटकं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण काट्यावर शिक्का मारला म्हणजे झालं असं निरीक्षकांच्या खात्यात नसतं. काट्याची वेळोवेळी फेरतपासणी करावी लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोची फेरतपासणी घेतली. आपल्याला काही झालं तर तिला सगळं माहीत असायला हवं, असा त्यांचा मुद्दा होता.

“आमच्या कुत्र्याचं नाव काय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याकडे कुत्रा कधी होता?” बायकोनं पिठात पाणी घालता घालता विचारलं.

“नव्हता. त्याचं नाव काय?”

“अहो, नसलेल्या कुत्र्याचं नाव मला कसं ठाऊक असणार?”

“उलथणं. काल सांगितलं होतं. बरं, माझी शाळा?”

“आगपेटी.”

“शाबास. आणि आईचं माहेरचं आडनाव?”

“फुलकोबी,” बायको म्हणाली. ते तिला पटकन आठवलं, कारण उरलेला अर्धा फ्लॉवर समोरच पडला होता.

दाराशी आई उभी होती. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून तिच्या कानांनी दुप्पट काम अंगावर घेतलं होतं.

“कुणाचं आडनाव?” आईनं विचारलं.

निरीक्षकांनी सारवासारव करायचा प्रयत्न केला. आधी खरंच लिहिलं होतं, पण यंत्राला ते लहान वाटलं, हे त्यांनी सांगितलं. तिथेच त्यांचं चुकलं.

“लहान?” आई म्हणाली. “ज्या माणसाला विचारल्याशिवाय गावात दुपार होत नव्हती, त्याचं आडनाव लहान? आणि मग तू काय केलंस, तर माझ्या वडिलांची भाजी केलीस.”

“आई, ते फक्त यंत्रासाठी आहे.”

“लोकांची वजनं खरी करत हिंडतोस आणि आईचं माहेर खोटं करतोस,” आई म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत निघून गेली. निरीक्षकांना ते फार लागलं. आपण तंतोतंत माणूस आहोत याचा त्यांना अभिमान होता, आणि हा तंतोतंतपणा कुठून आला हेही त्यांना माहीत होतं. लहानपणी याच आजोबांचं बोट धरून ते मनोऱ्याच्या पायऱ्या चढले होते.

तेव्हापासून आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. जे काही सांगायचं ते ती सुनेमार्फत सांगे. निरीक्षक समोर बसलेले असले तरी ती म्हणे, “अगं, त्याला विचार, किती वाजले?” मग सून नवऱ्याला विचारी, नवरा घड्याळाकडे बघून बायकोला सांगे, बायको सासूला सांगे, आणि एवढी पायपीट करून पोचलेल्या वेळेवर आई विश्वास ठेवत नसे.

निरीक्षकांनी निश्चय केला. काहीही झालं तरी फुलकोबी हटवायची आणि तिथे आजोबांना बसवायचं. ‘मान्य’ त्यानंतरच.

“आधी ते ‘मान्य’ तेवढं दाबून टाका हो,” बायको म्हणाली. “आडनाव काय, नंतरही बदलता येईल.”

“एकदा दुरुस्ती, मग मान्यता,” निरीक्षक म्हणाले. “क्रम म्हणून काही असतो.”

चार अक्षरांचा प्रश्न आईनंच सोडवला, अर्थात सुनेमार्फत. “त्याला सांग, नुसतं आडनाव काय लिहितोस, मानानं लिही. आधी श्रीयुत लाव.” श्रीयुत लावल्यावर अक्षरं पुरत होती. आईनं एकच अट घातली. हे काम तिच्यासमोर व्हायला हवं होतं.

संध्याकाळी मेव्हण्याला बोलावलं. तपासनीस न बोलावता आले. आई मधोमध खुर्चीत बसली. यंत्रानं विचारलं, की उत्तर बदलायचं असेल तर आधी जुनं उत्तर लिहा: आईचं माहेरचं आडनाव काय?

निरीक्षकांची बोटं अक्षरांवर थांबली. फुलकोबी लिहायचं होतं. चार अक्षरं. पण आईचा गुडघा त्यांच्या कोपराला लागत होता, आणि तिला पडद्यावरचं दिसत नसलं तरी तिच्या शेजारी बसून तो शब्द लिहायला त्यांचा हात उचलेना. त्यांनी खरं आडनाव लिहून टाकलं. यंत्रानं ते नाकारलं.

“अहो, असं काय करता?” म्हणून बायकोनं यंत्र आपल्याकडे ओढलं आणि लिहिलं, फ्लॉवर. तिच्या घरात तो फ्लॉवरच होता. तेही नाकारलं गेलं. “थांब ताई, तुला जमायचं नाही,” म्हणत मेव्हण्यानं हात घातला. त्याला आधीच्या शब्दातला शेवटच तेवढा आठवत होता. त्यानं लिहिलं, कोबी. तपासनीस म्हणाले, “गाजर लिहून बघा,” पण त्यांची पाळीच आली नाही. पडदा राखाडी झाला आणि त्यावर लिहून आलं, की आपलं खातं गोठवण्यात आलं आहे.

“मग सोमवारचं काय?” आईनं विचारलं. या वेळी तिनं सुनेचं नाव घेतलं नाही, पण विचारलं कुणालाच नाही असंही नव्हतं. मेव्हण्याला अचानक घरचं एक काम आठवलं.

निरीक्षकांनी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक नम्र आवाज आला. त्यानं सांगितलं, “आपल्या सुरक्षिततेसाठी आपलं खातं आपल्यापासून सुरक्षित करण्यात आलं आहे.” ते उघडायचं असेल तर खातेदारानं लाभार्थीला घेऊन योजनेच्या कार्यालयात स्वतः यावं. निरीक्षकांनी विचारलं, की आपल्याकडे तिजोरीत सगळी उत्तरं लिहून ठेवलेली आहेत, ती फोनवर सांगितली तर चालतील का? आवाज म्हणाला, की तशी उत्तरं लिहून ठेवली असतील तर ती कुणालाही सांगू नयेत. आणि पुन्हा बासरी सुरू झाली.

शुक्रवारी तिघं कार्यालयात गेली. रिक्षात आई मधे बसली आणि दोन्ही बाजूंना सारखीच जागा सोडून बसली. कार्यालय म्हणजे एक लांबट दालन होतं. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि समोर काचेच्या खिडक्या. काच जाड असल्यामुळे बाहेरच्या बाजूला एक छोटा माइक बसवला होता, आणि त्यात बोललेलं आतल्या बाईंना ऐकू जावं म्हणून जो भोंगा लावला होता तो कुणीतरी उलट्या बाजूला बसवला होता. त्यामुळे खिडकीपाशी जे काही बोललं जाई ते बाईंच्या आधी सगळ्या दालनाला कळत असे. त्यांच्या पुढच्या गृहस्थांना मूळव्याध होती हे आता सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचा क्रमांक आला. खिडकीवरच्या बाई वागायला चांगल्या होत्या. त्यांनी आईला बसायला स्टूल आणायला लावलं, ओळखपत्रं बघितली, पडद्यावर काहीतरी शोधलं आणि म्हणाल्या, “फार काही नाही, साहेब. एक सुरक्षा प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आलं की खातं लगेच उघडते.”

“आईचं माहेरचं आडनाव?” भोंग्यातून दालनभर विचारलं गेलं.

निरीक्षकांनी हळूच विचारलं, “लिहून दिलं तर?”

“लिहून नाही चालत. आवाजाची नोंद होते. माइकमध्ये स्पष्ट सांगायचं.”

मागे खुर्च्या भरलेल्या होत्या. पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस तर पाय लांब करून त्यांच्याकडेच तोंड करून बसला होता. शेजारी स्टुलावर आई होती, हातात पिशवी घेऊन, मान ताठ ठेवून. निरीक्षकांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून खरं आडनाव बाहेर पडलं. ते मोठ्यानं आणि अगदी स्वच्छ आलं. भिंतींवर आदळून ते परत आलं तेव्हा आईची मान आणखी थोडी वर झाली.

“नाही जुळत,” बाई म्हणाल्या. “साहेब, नीट आठवून सांगा. आता एकदाच विचारता येईल. चुकलं तर खातं कायमचं बंद होतं. मग नवीन अर्ज, नवी तपासणी, शस्त्रक्रियेलाही नवी तारीख.”

“नवी तारीख कधीची मिळते?” सुनेनं विचारलं.

बाईंनी हात पसरून दाखवले. त्या हातांत पावसाळा आणि हिवाळा दोन्ही मावत होते.

निरीक्षक उभे होते. शब्द जिभेच्या टोकावर होता, फक्त ढकलायचा होता. भल्याभल्या दुकानदारांना त्यांनी भर बाजारात खोटारडे म्हटलं होतं आणि कधी घाम फुटला नव्हता. पण आईच्या तोंडावर, चारचौघांत, भोंग्यातून तिच्या वडिलांना फुलकोबी म्हणायचं, हे त्यांच्याच्यानं होईना. नाही म्हणावं तर आईनं किती दिवस दुसऱ्याला वेळ विचारत बसायचं? त्यांचे कान लाल झाले. श्वास नाकातून आवाज करत यायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, “आईचं नाव विसरले वाटतं,” आणि भोंगा नसतानाही ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आईला मुलाचा चेहरा दिसत नव्हता. पण तो श्वास ती ओळखून होती. लहानपणी खोटं बोलायची वेळ आली आणि बोलता आलं नाही, की हा मुलगा असाच फुरफुरायचा.

“सांग, बाळा,” ती म्हणाली. फुलकोबीच्या त्या सकाळनंतर थेट त्यांच्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द होते.

निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली.

आई उठली. एका हातानं खिडकीची कड चाचपत ती माइकपाशी आली. “अहो बाई,” तिनं विचारलं, “मी सांगितलं तर चालेल का? माहेर माझंच आहे.”

बाईंनी पडद्यावर नियम वाचून बघितला. “लाभार्थीनं सांगितलं तरी चालतं, आजी.”

आईनं पदर नीट केला, माइक तोंडाशी ओढला, आणि मनोऱ्याच्या घड्याळानं ठोके द्यावेत इतक्या ठामपणे म्हणाली, “फुलकोबी.”

बाईंनी एकवार आईकडे बघितलं, मग पडद्याकडे.

“जुळलं,” त्या म्हणाल्या.

प्लास्टरवाल्या माणसाला राहवलं नाही. “आडनाव नवीनच ऐकलं, आजी,” तो म्हणाला.

“जुनं आहे,” आई त्याच्याकडे वळून म्हणाली. “आमच्याकडे घड्याळाचं काम असायचं.”

निरीक्षकांनी तिथेच, खिडकीवर उभं राहून, ‘मान्य’ म्हटलं. मंजुरी गेल्याचं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “खातं उघडंच आहे, तर उत्तर बदलून घ्यायचंय का? लगेच होईल.”

“हो,” निरीक्षक म्हणाले. “ताबडतोब. श्रीयुत लावून.”

“नको,” आई म्हणाली. “राहू दे.”

“आई, अगं, त्यासाठीच तर एवढं सगळं.”

“आत्ता तू मोठ्यानं सांगितलंस ना माझं खरं आडनाव? एवढ्या माणसांनी ऐकलं. बाईंनी काय सांगितलं, नाही जुळत. म्हणजे उद्या यांच्यातला एखादा चोर निघाला आणि माझ्या वडिलांचं नाव घेऊन इथे आला, तर त्यालाही हेच सांगतील. त्यांच्या नावानं कुणाला चोरी करता येणार नाही. काय हातात आलंच तर फुलकोबी येईल, ती घेऊन जा म्हणावं.” तिनं पिशवी खांद्याला लावली. “तू बरोबर केलं होतंस. मला आधी विचारायला हवं होतंस, एवढंच.”

निरीक्षकांना भरून आलं. कार्यालयात भरून येणं त्यांना पसंत नव्हतं, म्हणून ते पाण्याच्या टाकीकडे गेले आणि तहान नसताना पाणी प्यायले. परतीच्या रिक्षात आई त्यांच्या बाजूला सरकून बसली.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी मेव्हणा आला, तपासनीस आले, सगळे आईच्या खुर्चीभोवती उभे राहिले. आपण तिला पहिल्यांदा दिसू असं प्रत्येकाला वाटत होतं. आईनं कुणाकडेही बघितलं नाही. ती भिंतीकडे बघत होती.

“मागे आहे,” ती म्हणाली. “एवढी माणसं घरात, आणि कुणाला कळलं नाही.”

निरीक्षकांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. खरंच मागे होतं. त्यांनी निमूटपणे खुर्ची आणली, आणि आईनं खाली उभं राहून सांगितलं तसे काटे पुढे केले.

मग आई म्हणाली, “आता ती तिजोरी आण. मलाही खातं उघडायचंय.”

हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. पण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ती कुणाच्या खात्यावर अवलंबून राहणार नव्हती, असं तिनं स्पष्ट सांगितलं. योजनेत ज्येष्ठांना स्वतःचं खातं काढता येतं, ही माहिती तिनं त्या शुक्रवारी खिडकीवरच्या बाईंकडून परस्पर काढून घेतली होती. निरीक्षकांना आनंदच झाला. नवं खातं म्हणजे नवे रकाने. त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं, आईचा पासवर्ड ठरवला, तो तिजोरीत ठेवला, आणि खालचं ‘आणखी माहिती जोडा’ दाबलं.

“सुरक्षा प्रश्न आलाय,” त्यांनी वाचून दाखवलं. “पहिल्या अपत्याचं लाडाचं नाव काय?”

आईला एकच अपत्य होतं. तिनं त्याच्याकडे नव्या डोळ्यानं नीट बघितलं. डोक्यावरच्या टकलापासून पोटापर्यंत, सावकाश.

“लिही,” ती म्हणाली. “दुधी.”

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. तपासनिसांनी वर्तमानपत्र उघडलं आणि बऱ्याच दिवसांनी ते खरोखर वाचायला लागले. निरीक्षकांनी ओठ घट्ट मिटून दोन अक्षरं लिहिली. यंत्रानं ती लाल केली.

“चार अक्षरं लागतात,” ते जरा आशेनं म्हणाले. “दुसरं काहीतरी सांग.”

“दुधीभोपळा लिही.”

“आई, चारचौघांत कधी विचारलं तर?”

“तर मी सांगीन. आता मला जमतं,” आई म्हणाली. “खरं लिहायचं नसतं, हा तुमचाच नियम ना? तुझं खरं लाडाचं नाव मला ठाऊक आहे. ते चोराला कशाला सांगू?”

निरीक्षकांनी दुधीभोपळा लिहिलं. यंत्रानं ते मुकाट्यानं घेतलं. मग त्यांनी तेच उत्तर तिजोरीतल्या रकान्यात उतरवलं, आणि आईनं पुढे वाकून, पडद्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर स्वतः वाचून बघितलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “मार शिक्का.”